आयेसाठी केलेला अडसर

आर्या आणि ईशान, मे महिन्यात तुम्ही येऊन गेलात तेव्हा माझ्या दाराच्या चौकटीला एक पांढरी डबी चिकटवून गेलात. दार उघडलं की तुमच्या फोनवर खबर जाते, हे ईशानने मला दोनदा समजावलं. मला तिचा राग नाही. मी गॅसवर दूध ठेवून विसरले हे तुमच्या आईच्या कानावर गेलं, तेव्हाच असं काहीतरी होणार हे मला कळलं होतं. पण डबी चिकटवताना ईशानने विचारलं, "आजी, पूर्वी लोक काय करायचे गं?" मी म्हणाले, सावकाश सांगेन. मी सगळं जागच्या जागी ठेवणारी बाई. शाळा, कॉलेज, नोकरी अशी क्रमाने प्रकरणं लिहायची ठरवलं होतं. क्रम मोडून हे मध्येच लिहिते आहे, कारण आज मला ते स्पष्ट आठवतं आहे आणि पुढचं काही सांगता येत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, तुम्हालाही इंग्रजीच सोपं जातं. तरी हे मराठीतच असू द्या. यातली माणसं मराठीत बोलायची. अडेल तिथे तुमची आई वाचून दाखवेल.

आम्ही बोरिवलीला दोन खोल्या आणि एक गॅलरी अशा घरात राहायचो. माझे वडील, अण्णा, विमा कंपनीत कारकून होते, पण त्यांचा खरा जीव त्या गॅलरीत. गॅलरी एवढी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आत यावं लागे. तिथे अण्णांनी कठड्याला फळी ठोकली होती, फळीवर लाकूड धरून ठेवणारी लोखंडी शेगडीएवढी पकड बोल्टने घट्ट बसवली होती, आणि भिंतीवर करवत, रंधा, पटाशा, कानशी, गिरमीट हे सगळं खिळ्यांना टांगलेलं. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा भिंतीवर पेन्सिलने काढलेली, म्हणजे एखादं जागेवर नसलं तर त्याचं भूत दिसायचं. माझी शिस्त कुठून आली असं तुमची आई विचारते, तर ती त्या भिंतीवरून आली. सकाळी आई चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, उकड्या तांदळाची पेज शिजवत असायची, आणि गॅलरीतून कानशीचा आवाज यायचा, खर्र खर्र, मध्येच थांबून फुंकर. त्या आवाजाशिवाय पेज मला अजून अळणी लागते. आमच्या घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर गेली नाही. इस्त्री, पंखा, छत्र्या, आईच्या चपला, सगळं अण्णांच्या हाताखालून जायचं. कधी सुधारायचं, कधी कायमचं बिघडायचं. आई म्हणायची, "तुमच्या हातात पडलेली वस्तू एक तर अमर होते, नाहीतर स्वर्गात जाते."

अण्णा रद्दीवाल्याकडून परदेशी मासिकं आणायचे, घरच्या घरी कामं करणाऱ्या हौशी माणसांसाठी निघणारी. त्यांचं इंग्रजी ऑफिसपुरतं होतं, म्हणून वाचून मराठीत सांगायचं काम माझं. मी पंधरा वर्षांची असेन. 'आपल्या गॅरेजच्या मागच्या भिंतीपाशी' अशी सुरुवात असली की अण्णा म्हणायचे, "पुढे जा." 'तळघरात' आलं की, "पुढे जा." एकदा प्लायवूडचा अख्खा तक्ता घ्या असं लिहिलं होतं. अण्णांनी तो खरंच आणला, आणि तो जिन्याच्या वळणावर असा अडकला की संध्याकाळभर वरचे वर आणि खालचे खाली राहिले. शेवटी तो तिथेच कापला. शेजारच्या मंगलाकाकू वरच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वेळी झाडच आणा, निदान सावली तरी मिळेल."

अण्णांच्या आईला घरात सगळेच आये म्हणत. ती मालवणकडची. आजोबा गेल्यावर गावातलं घर बंद झालं आणि ती आमच्याकडे आली. आली तेव्हा ती धडधाकट होती. नारळ खवायची, सोलकढी करायची, मंगलाकाकूंना ताजं पापलेट कसं ओळखायचं ते शिकवायची. मग हळूहळू तिच्यातलं काहीतरी गळायला लागलं. आधी कढीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग ती मला अण्णांच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागली. मग रोज तिन्हीसांजेला उठून, पदर खोचून दाराकडे जायला लागली. "खंय चललंस, आये?" अण्णा विचारायचे. "घराक. गुरां बांधूची आसत." पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा ती हमरस्त्यापर्यंत गेली, आणि ट्रकवाल्याच्या शिव्या ऐकून आम्हाला कळलं. आता याला नाव आहे, गोळ्या आहेत, माहितीपत्रकं आहेत. तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय झालंय, लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा म्हणजे काय, ते आईला विचारायला हवं होतं. आमच्या इमारतीत दिवसा दार लावायची रीत नव्हती. दिवसा दार लावलेलं दिसलं की घरात भांडण तरी आहे किंवा मयत तरी, असं समजायचे. कोणी साखर मागायला यायचं, कोणी मूल ठेवून जायचं. त्यामुळे आई दिवसभर दाराच्या समोर पाट टाकून बसायची. तिथेच भाजी निवडायची, तिथेच तांदूळ पाखडायची. न्हाणीघरात जायचं तर मंगलाकाकूंना हाक मारायची. दुपारची झोप तिने सोडलीच. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. एके रविवारी जेवताना तिचा हात ताटातच थांबला, आणि ती अगदी साधेपणाने म्हणाली, "अहो, मला आता होत नाही." आईने असं कधी काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नसावं. ते हात धुऊन थेट गॅलरीत गेले.

पहिला उपाय घंटेचा. दाराला दोरी, दोरीला घंटा. पण दार सगळ्यांसाठी उघडंच, तेव्हा साखरवाल्या, मुलंवाल्या, पोस्टमन, सगळ्यांची घंटा वाजायची. तिसऱ्या दिवशी मंगलाकाकू आत येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "काय गं, आरती कुठवर आलीय?" दुसरा उपाय मी मासिकात वाचलेला, चोरांसाठीचा. पायपुसण्याखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या, पाय पडला की त्या एकमेकींना टेकतात आणि बॅटरीवरचा भोंगा वाजतो. तो अण्णांनी फार सुरेख केला. इमारतीतली सगळी पोरं त्यावर उड्या मारायला आली, आणि आये मात्र पायपुसणं घाण होईल म्हणून त्याच्या बाजूने गेली.

मग तिसरा. लोखंडी कडी लावायची तर ती आये काढेल, आणि कुलूप लावायला अण्णा तयार नव्हते. आई एकदा म्हणाली, तर ते म्हणाले, "आईला कुलपात ठेवायचं?" आणि विषय संपला. त्यांना अडसर करायचा होता, बाहेरून खिळा खुपसून उघडता येईल आणि आतून मात्र युक्ती माहीत असल्याशिवाय सरकणार नाही असा. मी मासिकं चाळायला लागले, तर त्यांनी ती बाजूला सारली. "नलू, हे त्यांच्याकडे नाही मिळायचं. हे बाबांचं काम." गावच्या घराच्या मागच्या दाराला आजोबांनी स्वतः केलेला फणसाच्या लाकडाचा अडसर होता. आडवी फळी चौकटीतल्या खाचेत सरकवली की वरच्या ठोकळ्यात लपलेली एक लहानशी खिटी आपल्या वजनाने फळीतल्या भोकात पडायची, आणि मग कितीही ओढा, फळी हलायची नाही. नुसतं पाहणाऱ्याला खिटी दिसतच नाही. उघडायचं तर फळी आधी उलट, चौकटीकडे दाबायची, मग खालून तळव्याने एक ठोका द्यायचा, आणि खिटी वर उडते त्याच क्षणी ओढायची. अण्णा लहानपणी तो पाहत तासन्‌तास बसायचे म्हणे. आजोबा फार बोलणारे नव्हते. लेकाला त्यांनी दिलं ते एवढंच.

तो अडसर करताना अण्णा जितके सुखी होते तितके मी त्यांना कधी पाहिले नाही. फणस मिळाला नाही, सागाचा तुकडा मिळाला. रंध्याच्या पातळ सालपटांनी गॅलरी भरली, आई ती स्टोव्ह पेटवायला नेई. खिटी चार वेळा केली. एक जड झाली, एक हलकी, एक तिरकी. चौथी पडली तेव्हा 'टक' असा इतका स्वच्छ आवाज आला की स्वयंपाकघरातून आईनेही मान वर केली. अण्णांनी दार लावलं, आणि आम्ही सगळ्यांनी ओढून पाहिलं. मी, आई, मंगलाकाकू, त्यांचे मिस्टर. कोणालाच उघडेना. मिस्टरांनी तर भिंतीला पाय लावून ओढलं. "झकास, भाऊजी," मंगलाकाकू म्हणाल्या. "पण मला साखर लागली तर?" "खिडकीतून देऊ," आई म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी हसली. आये कोपऱ्यात जपाची माळ घेऊन बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर दार सताड उघडं, आणि आई जमिनीवर गाढ झोपलेली. इतक्या महिन्यांची झोप तिने त्या दुपारी घेतली होती. डोक्याखाली उशीही नव्हती. मी अडसराकडे पाहिलं. तो मोडला नव्हता. फळी व्यवस्थित मागे सरकवलेली, खिटी ठोकळ्यात जिथल्या तिथे. आयेची चप्पल नव्हती.

पुढचं मला सलग आठवत नाही. मंगलाकाकूंच्या घरून अण्णांच्या ऑफिसात फोन केला. आई अनवाणीच खाली धावली. अण्णा आले, तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं चुकीची लागलेली होती, आणि मला आठवतं की त्या स्थितीतही मला ती नीट करावीशी वाटली. आम्ही देवळात पाहिलं, बागेत पाहिलं, स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पोलीस चौकीत हवालदाराने फोटो मागितला. आमच्याकडे आयेचा एकच फोटो, तोही तिच्या लग्नातला. "या मुलीला शोधायचंय?" तो म्हणाला. थट्टा नव्हती ती. त्याला खरंच कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर अण्णा कोपऱ्यावर उभे राहिले आणि चारी रस्त्यांकडे बघत राहिले. ज्या माणसाला पंखा उघडल्यावर कुठला स्क्रू कुठला हे कधी विचारावं लागलं नाही, त्याला कुठल्या दिशेने पाऊल टाकायचं ते कळत नव्हतं. मी त्यांचा हात धरला. मलाही काही कळत नव्हतं. तुम्हाला वाटेल, आजी सगळ्या प्रश्नांवर यादी करते, तेव्हाही केली असेल. नाही केली. आम्ही नुसते उभे होतो.

तेवढ्यात समोरून मंगलाकाकू पदर सावरत, धापा टाकत येताना दिसल्या. खाडीकडच्या बाजूला शोधायला त्या गेल्या होत्या. "अहो भाऊजी! तुमची आये मासळी बाजारात बसलीय! कोळंबी सोलतेय!"

ती खरंच बसली होती. ओल्या फरशीवर, एका कोळिणीच्या बाजूला, पाय पोटाशी घेऊन. समोर कोळंबीचा ढीग. डोकं मोडायचं, साल ओढायची, काळा दोरा काढायचा, टाकायचं. तिचे हात इतके भराभर चालत होते की माझी नजर त्यांच्या मागे पोचत नव्हती. कोळीण अंगाने भरलेली, केसांत अबोली माळलेली. अण्णा "आये!" म्हणून ओरडले तशी तिने हात आडवा केला. "ओरडू नको रे दादा तिच्यावर. दुपारधरनं माझी सगली कोलंबी सोलून दिली तिनं. कुठं जातंस विचारलं तर बोलली, घराक. म्हटलं बस, घरवाले येतील." अण्णा आयेसमोर उकिडवे बसले. ऑफिसची पँट ओल्या फरशीला टेकली. "आये, चल. घराक जाऊया."

आयेने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तू कोणाचो रे?"

"तुझोच झील गे."

"माझो झील शाळेत गेलो हा," आये म्हणाली, आणि पुढची कोळंबी उचलली.

अण्णा तसेच बसून राहिले, तिची कोळंबी संपेपर्यंत. मग कोळिणीने दोन मुठी सोललेली कोळंबी पानात बांधून आयेच्या ओटीत घातली आणि म्हणाली, "जा गो बाय. पोरगा थांबलाय." आणि आये उठली. त्या रात्री आईने कोळंबीचं सुकं केलं, कोकम घालून. आये दोनदा भात मागून जेवली. आमच्यापैकी कोणाला घास गेला नाही.

जेवणं झाल्यावर अण्णांनी दार लावलं. टक. मग आयेला हाताला धरून अडसरापुढे उभं केलं. "आये, उघड बघू." आयेने फळीवर डावा हात ठेवला, उजव्या तळव्याने खालून ठोका दिला, आणि दार उघडलं. दाबणं, ठोका, ओढणं, यात फटच नव्हती. अण्णांना ते जमायला सकाळभर लागलं होतं. त्यांनी पुन्हा लावलं. तिने पुन्हा उघडलं. अण्णा मोठ्याने हसले, आम्हीही हसलो, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. ते पाटावर बसले. "गुरांकडचं दार," ते म्हणाले. "पहाटे दूध काढायला तीच उठायची. मी झोपलेलो असायचो." अडसर त्यांच्या मनात बाबांचा होता. बाबांनी तो एकदा केला होता. तो जन्मभर रोज अंधारात कोणी उघडला, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. आयेला मुलाचं तोंड आठवत नव्हतं, पण दार आठवत होतं.

त्यानंतर अण्णा बाजारातून कुलूप घेऊन आले. अडसर काढला, कुलूप बसवलं, किल्ली आईच्या मंगळसूत्रात ओवली. मंगलाकाकूंनी साखर मागणं सोडलं. कुलूप उत्तम चाललं. त्यात कधीच बिघाड झाला नाही. तिन्हीसांज झाली की आये दारापाशी जायची, जिथे अडसर होता तिथे तळवा मारायची, आणि तिथे नुसती सपाट फळी लागायची. ती पुन्हा मारायची. "दार कित्याक लावलंस? उघड गो." आई पाठ करून भाकऱ्या थापायची. मी पुस्तकात तोंड घालायचे. आयेचा तळवा लाल व्हायचा, मग निळा. आम्ही त्यावर हळद लावायचो. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. मुलांनो, काम न करणाऱ्या वस्तूबद्दल माणूस काहीतरी करू शकतो. ही वस्तू काम करत होती.

अण्णांनी एक शेवटचा प्रयत्न केला. काढलेला अडसर त्यांनी ठोकळ्या-खाचेसकट एका रुंद पाटावर बसवला आणि संध्याकाळी आयेच्या मांडीवर दिला. म्हणजे हाताला हवं ते मिळेल आणि ती दाराकडे जाणार नाही. काही दिवस ते जमलं. आये अडसर लावायची, उघडायची, लावायची, उघडायची. घरभर टक, टक. मी जवळ बसले की माझा हात ओढून घ्यायची, माझा तळवा फळीखाली धरायची, आणि वरून आपला हात ठेवून ठोका द्यायची. माझं चुकलं की चुक्‌ करायची. मी तिच्याकडून ते शिकले. अण्णा ऑफिसातून आले की आधी उंबऱ्यात उभे राहून तो आवाज ऐकायचे. आम्हाला वाटलं, सापडलं.

मग एका संध्याकाळी आयेने अडसर उघडला आणि ती थांबली. तिने पाट उचलून त्याच्या मागे पाहिलं. पालथा केला, पुन्हा उताणा केला. मग अण्णांकडे पाहून, अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "उघडलंय. दार खंय?"

आयेने पाट बाजूला ठेवला आणि पुन्हा कधी मागितला नाही. त्यानंतर ती दाराकडेही फारशी गेली नाही. अंथरुणावर पडून राहायची, भिंतीकडे तोंड करून. अण्णा ऑफिसातून आल्यावर तिला उठवून, कुलूप काढून, गल्लीच्या टोकापर्यंत चालवत न्यायचे आणि परत आणायचे. गल्लीच्या टोकाशी ती घर आलं का विचारायची, "इलां काय घर?" अण्णा म्हणायचे, "इलां नाय अजून." याने काही सुधारलं नाही. ते दोघं जायचे एवढंच. पावसाळा संपता संपता आये गेली. घरीच गेली, आईने भरवलेल्या पेजेचे दोन चमचे पिऊन.

आमची ती इमारत पुनर्विकासात पाडली. कुलूप दारासकट गेलं. पाट आणि अडसर कधी गेले ते मला ठाऊक नाही, अण्णा-आईही कधीचे गेले. त्या घरातलं आता माझ्याकडे काही नाही. पण आधी उलट दाबायचं, मग खालून ठोका, आणि खिटी उडते त्याच क्षणी ओढायचं, हे माझ्या उजव्या हाताला अजून येतं.